लेकुरवाळी सावित्रीबाई

माउलींची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला आली म्हणजे आम्ही गंज पेठेतल्या फुलेवाड्यात हटकून जाऊन येतो, जवळच आहे.

सावित्रीबाईंची कूस उजवली नाही, पण घर मात्र तान्ह्या पोरांचे. १८६३ साली जोतीरावांनी राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा गुपचूप यायच्या. त्यांची बाळंतपणे, मुलांचे न्हाऊमाखू, सारे बाईंच्या अंगावर. १८८४ पर्यंत ३५ जणी बाळंत झाल्या, मुले जगली अवघी ५. पोट लपवण्याच्या धडपडीत बाकीची गर्भातच दुखावलेली. अशा घरात एखादे पोर रांगू लागले, बोबडे बोलू लागले, तर तो आनंद केवढा! आमची नातवंडे धिंगाणा घालतात नि आम्ही पोथीवरून डोळे वटारतो, तेव्हा हे ५ आठवतात आणि आम्ही मुकाट पोथी मिटतो.

काशीबाई नावाच्या विधवेचा यशवंत बाईंनी दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचे एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंताच्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही तीच साथ लागली. १० मार्चला बाई गेल्या.