व्ही. व्ही. गिरी : शब्दाला जागलेले कामगारमंत्री

भारताचे चौथे राष्ट्रपती म्हणून वराहगिरी वेंकट गिरी यांचे नाव आपण शालेय वयातच ऐकलेले असते. त्या सर्वोच्च पदावर पोहोचण्यापूर्वीची त्यांची चार दशके मालक आणि कामगार यांच्यातील संबंधांचा विचार करण्यात गेली, हे तितकेसे परिचित नाही.

गिरी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९४ रोजी आजच्या ओडिशातील बरहामपूर येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. वडील नामांकित वकील होते. कायद्याच्या शिक्षणासाठी १९१३ मध्ये ते डब्लिनला गेले. तेथे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याशी त्यांची जवळीक झाली आणि १९१६ मध्ये त्यांना तो देश सोडावा लागला. परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली. पण असहकाराच्या चळवळीने त्यांना सार्वजनिक जीवनात ओढले.

पुढे बंगाल-नागपूर रेल्वेचे कामगार हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. १९२७ च्या सुमारास खडगपूरच्या कारखान्यातील कामगारांवर कपातीची कुऱ्हाड कोसळली, तेव्हा झालेल्या संघर्षाचे नेतृत्व गिरी यांनी केले. त्याच वर्षी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२९ मध्ये नागपूर अधिवेशनात आयटकमध्ये फूट पडली, तेव्हा नेमस्त मार्गाचे नारायण मल्हार जोशी यांच्यासह तेही बाहेर पडले. संपाचे हत्यार त्यांनी कधी टाकले नाही. परंतु त्याआधी वाटाघाटीचा प्रत्येक मार्ग चोखाळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९३७ मध्ये मद्रास प्रांताच्या राजाजी मंत्रिमंडळात आणि १९५२ मध्ये केंद्रात त्यांच्याकडे कामगार खाते आले. तंट्यांचा निवाडा सरकारी लवादाकडे सोपविण्याची पद्धत तोवर रुळली होती. गिरी यांना ती मनापासून मान्य नव्हती. न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याची सवय लागली की मालक संवाद विसरतात आणि संघटना स्वतःच्या बळाऐवजी वकिलावर विसंबतात, असे त्यांचे मत होते. उभय पक्षांनी समोरासमोर बसून तोडगा काढावा, या त्यांच्या भूमिकेला पुढे ‘गिरी दृष्टिकोन’ असे नाव पडले. ती कायद्यात उतरविण्यात त्यांना यश आले नाही. मात्र त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ मध्ये, कपात झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देण्याची तरतूद औद्योगिक तंटे कायद्यात झाली. खडगपूरचा लढा लढलेल्या माणसाच्या हातून ती व्हावी, यात औचित्य होते.

कसोटीचा क्षण १९५४ च्या ऑगस्टमध्ये आला. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत अपिली न्यायाधिकरणाने दिलेल्या निर्णयात केंद्र सरकारने फेरबदल केले आणि कर्मचाऱ्यांच्या काही लाभांना कात्री लागली. लवादाची पद्धत गिरी यांना आवडत नव्हती, हे खरे. तरीही कामगारांना त्या मार्गाने जाण्यास सांगितल्यावर लवादाचा शब्द सरकारनेही पाळला पाहिजे, असे त्यांना वाटे. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे सरकारला या प्रश्नी आयोग नेमावा लागला. त्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याकडे आले. आयोगाच्या शिफारशी सरकारने स्वीकारल्या व १९५५ मध्ये त्यांना कायद्याचे रूप दिले.

त्यानंतर उत्तर प्रदेश, केरळ व म्हैसूर या राज्यांचे राज्यपालपद आणि १९६७ मध्ये उपराष्ट्रपतिपद त्यांनी भूषविले. ज्या बँकांच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांपैकी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम १९ जुलै १९६९ रोजी कार्यवाहक राष्ट्रपती या नात्याने त्यांच्याच स्वाक्षरीने निघाला. १९७५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २४ जून १९८० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. नोएडा येथील राष्ट्रीय श्रम संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज नोकरी करीत असतील, तर कोणी इतरांना नोकरी देत असतील. मेजाच्या कोणत्याही बाजूला बसलो, तरी समोरच्याशी बोलणे थांबवू नये आणि दिलेला शब्द आपल्याला गैरसोयीचा झाला म्हणून मोडू नये, एवढे गिरी यांच्या चरित्रातून आपल्या मुलांनी घेतले तरी पुष्कळ आहे.