संत स्तानिस्लास कोस्तका : नांव व चरित्र

दुसऱ्या महायुद्धांत घरादारास मुकलेल्या सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांनीं १९४३ ते १९४८ पर्यंत मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडें येथें आश्रय घेतला होता. त्यांच्यांतील कांहीं मुलें प्रकृतिस्वास्थ्यासाठीं सातारा जिल्ह्यांत पांचगणीसही राहिलीं. त्या लोकांत घरोघर आढळणारें एक नांव म्हणजे स्तानिस्लास. गोव्याकडील आपले बांधव तेंच नांव पोर्तुगीज वळणानें एस्तानिस्लाव असें लावतात, आणि स्पेन देशांत तें एस्तानिस्लाओ होतें. आमच्याकडे स्टेशनाचें इष्टेशन होतें, तसाच हा आरंभींचा स्वर! मूळ शब्द मात्र स्लाव भाषेचा. त्याचा पूर्वार्ध आपल्या स्था धातूचा सगोत्र असून उत्तरार्ध कीर्तिवाचक, म्हणजे वेदांतील श्रवस् शब्दाचा भाऊबंद आहे. कीर्तीनें स्थिर झालेला, असा अर्थ घेण्यास हरकत नाहीं. १०७९ सालीं राजाच्या रोषास बळी पडलेले क्राकोचे महागुरुस्वामी स्तानिस्लास यांनीं हें नांव प्रथम पावन केलें.

आमचा चरित्रनायक १५५० सालीं पोलंडांतील रोस्तकोवो येथें सरदार घराण्यांत जन्मला. कीर्ति घरींच होती, व ती मुलानें वाढवावी अशी पित्याची अपेक्षा होती. १५६४ सालीं त्याला थोरला भाऊ पौल याजबरोबर व्हिएन्नास येशूसंघाच्या विद्यालयांत धाडण्यांत आलें. पौल चैनी वृत्तीचा होता. धाकट्याची प्रार्थनाशीलता त्याला सहन होईना, व तो त्यास मारहाण करी. पुढें स्तानिस्लास मरणोन्मुख आजारी पडला. घरमालक ल्यूथरपंथी असल्यामुळें धर्मगुरूला आंत प्रवेश नव्हता. त्या वेळीं देवदूतांनीं त्याला ख्रिस्तप्रसाद दिला अशी परंपरा आहे.

बरा झाल्यावर त्यानें येशूसंघांत प्रवेश मागितला. परंतु पित्याच्या संमतीवांचून त्याला घेण्यास तेथील वरिष्ठ धजेनात. पित्याला कठोर म्हणणें सोपें आहे. मुलगा सेमिनरींत जातों म्हणाला कीं आमच्याकडील आईबापांचेंही काळीज हलतें, हें मीं अनेक घरांत पाहिलें आहे. ऑगस्ट १५६७ मध्यें त्यानें आपले उंची कपडे एका भिकाऱ्यास दिले, जाडेंभरडें वस्त्र अंगावर घातलें व पायीं वाट धरली. पौल गाडी घेऊन मागोमाग धांवला. पण त्या वेषांत त्याला सख्खा भाऊ ओळखूं आला नाहीं! डिलिंगेन येथें संत पीटर कनिसियस यांनीं त्याची पारख केली व पुढें रोमेस पाठविलें. तेथें संघाचे मुख्याधिकारी, एके काळचे गांदियाचे ड्यूक, स्पॅनिश संत फ्रान्सिस बोर्जिया यांनीं त्याला पदरांत घेतलें. पित्याचें संतापाचें पत्र तेथेंही येऊन पोहोंचलें. मुलगा डगमगला नाहीं.

उमेदवारीचें एक वर्षही पुरतें भरलें नाहीं. ज्वर येऊन १५ ऑगस्ट १५६८ रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, सतराव्या वर्षीं तो ख्रिस्तवासी झाला. १७२६ सालीं त्याची संतपदीं गणना झाली, व मुंबईस वांद्रें येथें १८६३ सालीं निघालेली शाळाही त्याचेंच नांव चालविते.

त्याला परत घरीं आणण्यासाठीं पित्यानें पौलास रोमेस धाडलें होतें. पौल पोहोंचला तो सप्टेंबरांत. भाऊ मातीआड होऊन महिना लोटला होता.