स्वयंपाकघराचा उंबरठा

सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील गाव. सभोवार भाताची शेते आणि त्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी. या भागातील माणूस रेल्वेने नागपूरकडे किंवा रायपूरकडे जावयास निघाला की तुमसर रोडचे स्थानक गाठतो. या लोहमार्गाचे मराठी ख्रिस्ती जीवनाशी एक जुने नाते आहे, आणि ते आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसावे. १८९३ साली याच मार्गाने नागपूरहून राजनांदगावला जात असलेल्या एका तरुण ब्राह्मण कवीला गाडीच्या डब्यात एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटला. बोलता बोलता त्याने कवीच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तो ख्रिस्ती होईल असे भाकीतही करून टाकले. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. भाकीत त्यांना मुळीच आवडले नाही. परंतु पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते, ते त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते थबकले आणि त्यांना तेथून पुढे मागे जाता येईना.

तथापि आज आम्हांला सांगावयाची आहे ती टिळकांची नव्हे, तर त्यांच्या सहधर्मचारिणीची, लक्ष्मीबाईंची कथा. टिळकांचा लढा दोन वर्षांचा होता. ते काही काळ गुप्तपणे विश्वास ठेवून पाहत होते, आणि आप्तांच्या प्रेमामुळे त्यांचे पाऊल अडत होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा लढा याहून दीर्घ व याहून अवघड होता, कारण तो व्यासपीठावर किंवा ग्रंथांत न होता चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी चालला होता.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या जवळच्या एका नातलगास फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. कोणाची सावली, कोणाचा स्पर्श, कोणाचा हात लागलेली वस्तू या विचारांनी त्या घराचा दिवस उगवे आणि मावळे. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे हसत हसत लिहिले आहे. परंतु ज्या मुलीचे बालपण अशा घरात गेले, तिच्यासाठी सोवळे हे केवळ मत राहत नाही, ते हातापायांत मुरते. म्हणून पुढे जे घडले त्याचे मोल करताना वाचकांनी हे बालपण विसरू नये अशी आमची विनंती आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० साली, त्यांचे टिळकांशी लग्न झाले. टिळक बुद्धिमान, उदार, भावनाशील आणि कमालीचे तापट. मनात आले की घर सोडून जावे, कधी न सांगता जावे, असा त्यांचा स्वभाव. संसार नाशिक, नागपूर, राजनांदगाव असा फिरत राहिला. मुले झाली आणि गेली. दत्तू तेवढा राहिला. शाळेचे तोंड लक्ष्मीबाईंनी पाहिले नव्हते. टिळकांनीच त्यांना अक्षरओळख करून दिली. जोडाक्षरांशी मात्र त्यांचे आयुष्यभर जमले नाही.

पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता कळली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला अशी वार्ता वैधव्याहून दारुण होती, कारण विधवेचे दुःख समाज जाणत तरी होता. पुढील चार-पाच वर्षे त्या लहान दत्तूला घेऊन आप्तांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी राहिल्या. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागली. टिळक पत्रे लिहीत, भेटीस येत. त्यांनी दुसरे लग्न केले नाही आणि पत्नीवर सक्तीही केली नाही. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरास गेल्या, पण अटी घालूनच: आपला धर्म आपण पाळणार, आपली चूल निराळी राहील, आपले पाणी निराळे राहील.

आमच्या मते लक्ष्मीबाईंच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा काळ हाच आहे, आणि त्यांची चरित्रे सांगणारे तो बहुधा दोन ओळींत उरकतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की मोठा अडथळा दूर झाला. समाजाची निंदा पत्करून एक स्त्री ख्रिस्ती पतीच्या घरी आली. आता उरले काय? उरले होते ते स्वयंपाकघर. टिळकांच्या तोंडून ख्रिस्ताविषयी त्या ऐकत होत्या, त्या घराची प्रार्थना कानांवर पडत होती, पतीचा बदललेला स्वभाव डोळ्यांपुढे होता. मन हळूहळू वळत होते. पण पाण्याच्या भांड्याला कोणाचा हात लागला की अंगावर काटा उभा राहत होता. मनाने जे मान्य करावयास आरंभ केला होता, ते हात मान्य करीत नव्हते.

प्रेषित पेत्रालाही याच ठिकाणी अडखळावे लागले होते, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. यापो येथील छपरावर प्रार्थना करीत असता त्याला दृष्टान्त झाला, आकाशातून खाली सोडलेल्या चादरीत सर्व प्रकारचे प्राणी दिसले आणि मारून खाण्याची आज्ञा झाली. ज्याने प्रभूबरोबर तीन वर्षे काढली होती, ज्याने पुनरुत्थित प्रभूला डोळ्यांनी पाहिले होते, त्या पेत्राने प्रभूलाच नकार दिला. आणि कशावरून, तर अन्नावरून. तीनदा सांगावे लागले. कर्नेल्याच्या घरचा उंबरठा तो ओलांडून गेला खरा. तरी पुढे अंत्युखियात तो विटाळाच्या भयाने अन्यधर्मीयांच्या पंक्तीतून पुन्हा उठला, आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. पेंटेकॉस्टनंतरही ज्याच्या जीवनातील एक कोपरा असा राहिला, त्यालाच प्रभूने आपल्या ख्रिस्तसभेचा खडक केले होते. संत अगस्तीन यांचीही हीच गोष्ट. त्यांची बुद्धी केव्हाच शरण गेली होती. देहाच्या सवयी सोडावयास मात्र ते देवाकडे मुदत मागत राहिले, आणि ३८७ साली मिलान येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा कित्येक वर्षे उलटली होती.

लक्ष्मीबाईंचा प्रश्न अगदी साधा होता. माणसामाणसांतले हे भेद कोणी केले, देवाने की माणसाने? देवाने केले असतील तर त्याने त्याची काही खूण ठेवली असती. जसा पशूपशूंत भेद दिसतो, तसा माणसांतही दिसला असता. तशी खूण कोठे सापडेना. मग भेद माणसानेच केले. आणि माणसाने केलेले माणसाला मोडताही येतील. हा विचार त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतला नाही आणि पतीच्या धाकानेही केला नाही. एकटीने, स्वतःच्या मनाशी झगडत केला. निश्चय झाला तेव्हा पहिली कसोटी कोठे लागली असेल ते सांगावयास नकोच: दुसऱ्याच्या हातचे अन्न आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी. त्या कसोटीस त्या उतरल्या. सोवळे गेले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, दत्तूसह.

हा क्रम आम्हांला फार विचार करावयास लावतो. आपल्याकडे बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो, पुढे पहिला ख्रिस्तप्रसाद होतो, दृढीकरण होते, लग्नही वेदीपुढे होते. आणि स्वयंपाकघरातील ती घागर मात्र जागच्या जागी राहते. टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे होते, कॅथलिक नव्हते. तरी या बाबतीत त्यांच्या घराकडून आपण शिकावे असे पुष्कळ आहे. जातिभेद ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे असे भारताच्या महागुरूंनी वारंवार सांगितले आहे. २०१६ साली तर दलित बांधवांच्या सक्षमीकरणाचे स्वतंत्र धोरणच त्यांनी जाहीर केले. धोरण जाहीर करावे लागले, यातच आमची स्थिती दिसते. पापनिवेदनाला गुडघे टेकताना आपण रागावलो, खोटे बोललो, रविवारची मिस्सा चुकवली असे सांगतो. कोणाच्या घरी चहा टाळला, मुलीच्या स्थळाची चौकशी करताना कोणता प्रश्न हळूच विचारला, शेतमजुराला पाणी कोणत्या पेल्यातून दिले, हे त्या पाटीवर येत नाही. लपवावे असे मनात असते म्हणून नव्हे. ते पाप आहे असेच आपल्याला वाटत नाही म्हणून. आम्ही हे इतरांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याही घरात पाहुण्यांचे पेले आणि कामकऱ्यांचे पेले वेगळ्या फळीवर होते, आणि त्या फळीखालीच क्रूस टांगलेला होता. ती फळी कित्येक वर्षे आमच्या नजरेस आली नाही.

लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्याचा विस्तार येथे करीत नाही, परंतु तो उंबरठा ओलांडल्यावर काय घडले ते सांगितलेच पाहिजे. शतक बदलताना पडलेल्या दुष्काळात अनाथ झालेली मुले टिळकांच्या घरी आली. ज्या घरात पूर्वी एका स्त्रीचे पाणी निराळे होते, तेथे कोणत्या जातीचे मूल कोणते हे विचारण्याची सोयच उरली नाही. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी आजारी मुलांची शुश्रूषा केली. ज्यांना त्यांचे नातलगही हात लावीत नव्हते, त्यांना या सोवळ्यात वाढलेल्या बाईंनी हात लावला. बालकवी ठोंबरे यांनाही या घराची माया मिळाली.

सगळे गोडच झाले असे नाही. टिळकांचा ताप गेला नव्हता, पैसा टिकत नव्हता, आणि लक्ष्मीबाईंची जीभही तिखट होती. दोघांचीही कामे देवाने एका दिवसात पुरी केली नाहीत. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार ही संन्यस्त वृत्तीची बंधुसभा उभी करण्याचे मनावर घेतले. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी त्यांनी आपल्या जीवनाचे आणखी एक दार उघडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

त्यांचे ख्रिस्तायन हे प्रभूचे चरित्रकाव्य तेव्हा अपुरे होते. आरंभीचे थोडे अध्यायच लिहून झाले होते. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले, आणि त्यांनी लिहिलेले अध्याय टिळकांच्या अध्यायांहून कितीतरी अधिक भरले. त्यानंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. स्मृतिचित्रे या नावाने त्या १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाल्या आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. त्यात वडिलांचे सोवळे आहे, पतीचा राग आहे आणि स्वतःचा हट्टही आहे. काहीही झाकलेले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा व्हावयाचा राहिला होता. तो पुढे दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळक यांनी, पुरा करून दिला.