गणपत कृष्णाजी : पहिले छापील पंचांग

छापील पंचांग घरोघरी असतं. पण मराठीत ते आधी कोणी छापलं, हे मुलांना सांगितलंय का?

मुंबईचे गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. तिथे ख्रिस्ती धर्माची पुस्तके छापत. आपलीही धार्मिक पुस्तके अशीच छापावीत, असे त्यांना वाटले. त्यांनी स्वतः शिळाप्रेस उभा केला, शाई बनवली आणि १८३१ मध्ये पंचांग छापले.

शाईत चरबी असते, म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत नसत. गणपतरावांनी चक्क तुपाची शाई केली! हळूहळू विटाळाची भीती ओसरली. हाताने नकलून मोजक्या घरांत राहिलेली पोथी सामान्यांच्या हाती आली.

१८६० मध्ये ते गेले. पुस्तक उघडताना हे नाव वर्गात जरूर सांगा.