हात, कान आणि भांडारकर

‘भाषाविज्ञानाची ओळख’ हा इलेक्टिव्ह मी निव्वळ सोपे मार्क मिळतात म्हणून घेतला. लेक्चर उरकायचं आणि घाटकोपरहून लोकल पकडायची, एवढाच विचार! पण तिथे मला रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले.

जन्म १८३७, मालवणचा. शिक्षण रत्नागिरीला, मग मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात. १८७७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठात विल्सन व्याख्यानं दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश ते आजच्या भाषा, असा सगळा प्रवास त्यांनी नियमांनी उलगडून दाखवला. ‘हस्त’चा ‘हत्थ’ आणि मग ‘हात’; ‘कर्ण’चा ‘कण्ण’ आणि मग ‘कान’; ‘सप्त’चा ‘सत्त’ आणि मग ‘सात’. जोडाक्षर सुटतं, आधीचा स्वर लांबतो. अगदी अल्गोरिदमच की!

माणूस नुसता पुस्तकातला नव्हता. १८९१ मध्ये लोकांचा रोष पत्करून त्यांनी आपल्या विधवा मुलीचं लग्न लावून दिलं. पुढे ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९१७ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. १९२५ मध्ये ते गेले.

माझी आजीही मालवणचीच. मित्रांसमोर तिचा फोन आला की मी कट करायचो. तिचं बोलणं मला अशुद्ध वाटायचं. आता कळतंय, बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे, तिलाही तिचे नियम असतात.

परवा घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवरून आजीला फोन लावला. चांगला मोठ्याने, मालवणीत बोललो. दोन लोकल सोडल्या!