हिब्रू पंडित जोसेफ इझिकेल राजपूरकर

कोकणातील बेने इस्राएल समाजाची ओळख आपल्या माळव्यात फारशी नाही. हे लोक धर्माने यहुदी, भाषेने मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस शनवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडलेली. जंजिरा संस्थानातील राजपुरीचे आडनाव लावणाऱ्या घराण्यात जोसेफ इझिकेल राजपूरकर १८३४ साली जन्मले.

त्या काळी मुंबईत स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांचा मोठा दबदबा होता. १८२९ साली मुंबईस आलेल्या या विद्वानाने बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण रचले. हेतू उघड होता. या मंडळींनी आपले संदेष्टे मूळ भाषेत वाचावेत, म्हणजे त्यांनी सांगितलेला मसीहा येशूच, हे त्यांस पटेल. राजपूरकर शिकले तेही मिशनच्याच शाळेत.

परंतु मूळ भाषा हाती आली की वाद शब्दाशी येऊन ठेपतो. यशयाच्या सातव्या अध्यायातील अल्मा म्हणजे कुमारिका, असे ख्रिस्ती परंपरा मानते. यहुदी पंडितांच्या मते अल्मा म्हणजे तरुण स्त्री. कुमारिकेस बेथुला हा शब्द निराळा आहे. त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती लोकांस येशू वाटतो. फ्रान्सचे जुने भाष्यकार राशी त्यात इस्राएल राष्ट्रच पाहतात. मसीहा येऊन गेला, तर जगातील हिंसा का थांबली नाही, हा मुद्दा रब्बी मोशे बेन नहमान यांनी १२६३ साली बार्सिलोनास राजासमोर मांडला होता.

राजपूरकरांचे कार्य मात्र शाळेतले आणि लेखणीचे. मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या यहुदी शाळेचे ते सुमारे चाळीस वर्षे मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचे हिब्रू परीक्षकही होते. हिब्रू प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. यहुदी नित्यप्रार्थनेत दाविदाच्या वंशाचा अंकुर लवकर फुटावा अशी याचना आहे. हिब्रू न जाणणाऱ्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसही आता उमगले की, आपण ज्याची वाट पाहतो तो अजून यावयाचा आहे. मिशनऱ्यांस याहून सौम्य आणि याहून ठाम उत्तर कोणते असणार?

पुढे १८८० च्या सुमारास या समाजाने हरिदासी धर्तीची कीर्तनेही सुरू केली. आब्राहामाचे आख्यान साकी-दिंडीत रंगू लागले.

राजपूरकर १९०५ साली निवर्तले. धर्मांतर फार थोड्यांनी केले होते. आम्हा गाणाऱ्यांत विद्या परक्या गवयाकडून घेतली, तरी त्यासाठी आपले घराणे सोडीत नाहीत. राजपूरकरांनी तेच केले.