थोरांची ओळख : ज्याँ पियाजे

बालमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो, या महिन्याच्या भित्तिपत्रकात थोर व्यक्तीची माहिती लिहायची पाळी माझी आहे. सगळेजण नेहमी राजे नाहीतर पुढारी घेतात. मी शास्त्रज्ञ घेतले आहेत. त्यांचे नाव ज्याँ पियाजे. गुरुजींच्या डी.एड.च्या पुस्तकात जीन असं छापलंय, पण त्यांच्याकडे ज्याँ म्हणतात. त्यांनी यंत्राचा शोध लावला नाही की औषधाचा नाही. लहान मुले गणितात चुकतात ती का चुकतात, हे त्यांनी शोधून काढले. माहिती गुरुजींनी सांगितली, लिहिली मी.

ज्याँ पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंड देशात न्यूशातेल या गावी झाला. हे गाव मोठ्या तळ्याच्या काठी आहे. त्यांचे वडील तिथे प्राध्यापक होते. ज्याँला लहानपणापासून पक्षी, शंख आणि गोगलगाईंचा फार नाद. १९०७ साली त्यांना बागेत एक चिमणी दिसली. तिची काही पिसे पांढरी होती. त्यांनी तिच्यावर छोटासा लेख लिहिला आणि तो निसर्गाच्या मासिकात छापून आला. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मी पण दहा वर्षांचा आहे. आमच्या पत्र्यावर ढीगभर चिमण्या येतात, पण पांढऱ्या पिसांची एक पण नाही.

मग त्यांना गावातल्या संग्रहालयात जायला मिळाले. तिथले प्रमुख म्हातारे होते. ज्याँ आठवड्यातून दोनदा जाऊन त्यांना शंखांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवू लागायचे. असं चार वर्षं केलं. पुढे ते शाळेत असतानाच गोगलगाईंवर लेख लिहू लागले. परदेशातले मोठे लोक ते लेख वाचून त्यांना भेटायला मागायचे. पण हा तर शाळेचा पोरगा! म्हणून ते भेटायलाच जायचे नाहीत. मला हे वाचून लई हसू आले.

१९१८ साली ते डॉक्टर झाले. सुई टोचणारे डॉक्टर नव्हे, अभ्यासाचे. मग ते पॅरिसला गेले. तिथे त्यांना शाळेतल्या मुलांच्या परीक्षा घ्यायचे काम मिळाले. प्रश्न विचारायचे आणि किती मुलांचे बरोबर आले ते मोजायचे, एवढेच काम. दुसरा कोणी असता तर बरोबरला टिक आणि चुकलेल्याला फुली करून घरी गेला असता. पण यांचे लक्ष फुल्यांकडेच जास्त गेले. त्यांनी पाहिले की एका वयाची मुले एकसारखीच चूक करतात. नुसती अंदाजे ठोकून दिलेली उत्तरे असती तर ती वेगवेगळी आली असती. म्हणजे चुकणाऱ्या मुलाच्या डोक्यात काहीतरी विचार चालू असतो. मग ते मुलांशी गप्पा मारू लागले. उत्तर चुकले तरी रागवायचे नाहीत, तुला असं का वाटलं एवढंच विचारायचे, आणि मूल बोलेल ते लिहून घ्यायचे.

१९२१ साली त्यांना जिनिव्हा या शहरात बोलावले. पुढे सगळे आयुष्य त्यांनी बहुतेक तिथेच काम केले. त्यांना जाक्लीन, ल्युसिएन आणि लोराँ अशी तीन मुले झाली. ती रांगत होती तेव्हापासून ते आणि त्यांची बायको व्हॅलेंटीन मुले काय काय करतात ते लिहून ठेवत.

१९४१ साली त्यांनी आलिना शेमिन्स्का या बाईंबरोबर एक मोठे पुस्तक काढले. मुलांना संख्या कशी समजते, हा त्याचा विषय. त्यातला एक प्रयोग सांगतो. तिकडे अंडे उभे ठेवायला छोटी वाटी असते. तशा वाट्या एका ओळीत मांडायच्या. मुलाने प्रत्येक वाटीसमोर एक अंडे ठेवायचे. दोन्ही सारखे आहेत हे मूल कबूल करते. मग त्याच्यासमोरच अंडी लांब लांब पसरायची आणि विचारायचे, आता सारखे आहेत का. चार-पाच वर्षांची पुष्कळ मुले सांगतात की अंडी जास्त झाली. सहा-सात वर्षांची सांगतात की सारखीच आहेत, नुसती पसरली.

मला हे खोटे वाटले. आमचा बारक्या पाच वर्षांचा आहे, अंगणवाडीत जातो. त्याला शंभरपर्यंत अंक तोंडपाठ आहेत. पाहुणे आले की आमचे नाना त्याला म्हणून दाखवायला लावतात. मी ओट्यावर आठ चिंचोके मांडले आणि त्यांच्यासमोर आठ खडे. त्याने सारखे म्हणून सांगितले. मग मी चिंचोके पसरवले. बारक्या म्हणाला की चिंचोके जास्त. मी त्याला मोजायला लावले. त्याने आठ मोजले. खडे पण आठ मोजले. आणि तरी चिंचोके जास्तच! का ते विचारले तर म्हणाला की ते पार उंबऱ्यापर्यंत गेलेत. नाना म्हणाले की हा गणितात ढ निघणार. पण मला आता माहीत होते, म्हणून मी नानांना सांगितले की तो ढ नाही. त्याचा नियम वेगळा आहे. जे लांब ते जास्त, असा त्याचा नियम आहे, आणि तो त्याच्या नियमाप्रमाणे बरोबर वागतोय. नाना काही बोलले नाहीत. पण पुन्हा ढ म्हणाले नाहीत.

म्हणजे एक ते शंभर म्हणता येणे वेगळे आणि आठ म्हणजे काय ते समजणे वेगळे. हे पियाजे यांनी दाखवले.

ते नेहमी एका मित्राची गोष्ट सांगत. तो मित्र पुढे मोठा गणिती झाला. लहानपणी तो बागेत खडे घेऊन बसला होता. खडे ओळीत मांडून मोजले, दहा झाले. उलट्या बाजूने मोजले, तरी दहाच. मग गोल मांडले, तरी दहाच. त्याला फार आश्चर्य वाटले. पियाजे म्हणत की दहा हे काही खड्यात नसते, गोल पण खड्यात नसतो. मुलगा खडे हलवतो, मांडतो, मोजतो, त्या करण्यातून त्याला ते कळते. म्हणून नुसते सांगून गणित येत नाही.

अमेरिकेत लोक त्यांना एकच विचारायचे, की मुलांना हे सगळे लवकर कसे शिकवायचे. या प्रश्नाचे नाव त्यांनी अमेरिकन प्रश्न असे पाडले होते. त्यांना घाई आवडत नव्हती. पण हा प्रश्न आमच्या गावात पण विचारतात.

पियाजे यांचे सगळेच मात्र बरोबर निघाले नाही. १९७४ साली स्कॉटलंड देशात दोन शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग वेगळ्या तऱ्हेने केला. मोठ्या माणसाने ओळ पसरवण्याऐवजी एका खट्याळ अस्वलाने, म्हणजे खेळण्यातल्या, येऊन ओळ विस्कटली असे सोंग केले. तेव्हा पुष्कळ जास्त मुलांनी बरोबर सांगितले. म्हणजे लहान मुलांना पियाजे समजत होते त्यापेक्षा जास्त कळते. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटते, पहिले उत्तर चुकले असेल. हे मला एकदम पटले. वर्गात तोच प्रश्न दोनदा विचारला की आपण सगळेच उत्तर बदलतो.

त्यांच्याकडे शिकलेल्या कॉन्स्टन्स कामी या बाईंनी अमेरिकेत मुलांना १६ हा अंक दाखवला आणि १६ वस्तू मोजून दिल्या. ६ म्हणजे किती, तर मुलांनी सहा वस्तू दाखवल्या. १ म्हणजे किती, तर पुष्कळांनी एकच वस्तू दाखवली! खरे तर दहा दाखवायला पाहिजेत. मी दुसरीतल्या पाच जणांना विचारले. तिघांनी एकच चिंचोका दाखवला. हातच्याची गणिते मात्र पाचही जणांना येतात.

पियाजे म्हातारपणी पण जिनिव्हात सायकलवर फिरायचे. तोंडात चिलमीसारखा पाइप असायचा. त्यांनी पन्नासाच्या वर पुस्तके लिहिली. १६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हा येथे ते वारले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

या भित्तिपत्रकाच्या खाली खिडकीत पत्र्याच्या डब्यात २० चिंचोके आणि २० खडे ठेवले आहेत. ज्या पालकांबरोबर लहान मूल आले असेल त्यांनी आत्ताच करून बघावे. मूल काय म्हणाले आणि का म्हणाले ते शेजारच्या वहीत लिहावे. वय पण लिहावे. चिंचोके मोजून परत डब्यात टाकावेत, कारण ते पहिलीच्या वर्गाचे आहेत.